मागची भिंत

४ डिसेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

चष्म्यांचं पार्सल मिळालं. खोका एका अंगाने चेपला होता, पण प्रत्येक चष्मा तू जुन्या मोज्यात घालून पाठवलास म्हणून एकही काच फुटली नाही. मोजेही वाटून टाकले, डावा-उजवा न बघता. वाटपात घोळ झालाच. सुताराने स्वयंपाकवाल्या आजींचा चष्मा उचलला आणि सगळं लख्ख दिसतंय म्हणून ऐटीत बसला. आजींना त्याचा लावून बघितला तर म्हणाल्या, मेलं सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसतंय. सगळे हसले आणि एकदम गप्प झाले. इथे असंच होतं. हसू येतं, आणि कुणीतरी तोंडातून काढून घेतल्यासारखं अर्ध्यात जातं.

देवळात अजून किती माणसं राहतात म्हणून विचारलंस. ज्यांची घरं डोंगराखाली गेली ती सगळीच. खालच्या आळीच्या जागी आता नुसता लाल मातीचा उतार आहे. कुठे छपराचा कोपरा वर आलेला दिसतो, कुठे सायकलचं हँडल. त्या सकाळी पावसाने धास्तावून जे देवळात येऊन बसले होते, तेच वाचले. डोंगर दोन्ही अंगांनी खाली आला आणि देऊळ मध्ये होतं तसं राहिलं. आता लांबून लांबून लोक बघायला येतात, पायरीची माती पुडीत बांधून नेतात. एक प्रवचनकार तर मुक्कामच ठोकून आहेत. रोज लाउडस्पीकरवर बोलतात. त्यांच्या माणसांनी कांबळी आणली, भांडी आणली. मी घेतली. लोकांना थंडी वाजत होती, ताई.

भिंगरीची खोली अजून उघडलेली नाही. तिचे कपडे तू मागितलेस ते लक्षात आहे. लेकीचे कपडे आईने दोनदा मागायला लागावेत हे बरं नव्हे, कळतं मला. पण कडीला हात लावला की परत फिरतो. पाठवतो.

गुडघ्याला तेल लावत जा. रागावलीस तरी लिहायचं थांबू नकोस.

तुझा,
धाकटा


१५ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. कपड्यांची घाई नाही. आज दुसरंच लिहायचं आहे, म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी बसले आहे.

काल एक गिऱ्हाईक आलं होतं. पन्नाशीचा गृहस्थ, कापडाच्या धंद्यातला, बोलका. वाचायचा चष्मा हवा होता. मी त्याच्या कानामागे दांडी बसवत होते आणि तो मला तुझ्या देवळाची गोष्ट सांगत होता. स्वतः दर्शन घेऊन आला होता. म्हणाला, डोंगर देवळापाशी आला आणि दुभंगला. आत होते ते सगळे तरले. गेली फक्त एक मुलगी, कारण तिचा विश्वास डळमळला. दवाखान्यात काम करायची, चार बुकं शिकलेली. दारातून बाहेर पडताना देवाची थट्टा करून गेली आणि डोंगराने तिला गाठलं. पुजाऱ्याचीच भाची म्हणे. प्रवचनात हे चाललं होतं तेव्हा पुजारी समोर मान खाली घालून बसला होता, म्हणजे खरंच असणार, असंही म्हणाला.

मी विचारलं, दांडी टोचत नाही ना. तो नाही म्हणाला. चष्मा पुसला, डबीत घालून दिला. तो गेल्यावर दार ओढून घेतलं आणि स्टुलावर बसून राहिले, ते घड्याळवाले शेजारी येऊन हाक मारेपर्यंत.

मी तुला देवाबद्दल काही विचारत नाही. हे गेले तेव्हाच त्याचं-माझं बोलणं थांबलं. मी तुला तुझ्या मानेबद्दल विचारते आहे. माझी पोर मी तुझ्या भरवशावर तिकडे ठेवली होती. मेल्यावरही तिला तुझ्याच अंगणात बोल लावतात आणि तू ऐकत बसतोस? त्या सकाळी काय झालं ते मला अजून धड कुणी सांगितलेलं नाही. तू लिही. मला सोसवेल की नाही, याची काळजी तू करू नकोस.

तुझी,
ताई


२८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहितो.

त्या सकाळी डोंगरातून गाडी जावी तसा घुमारा येत होता. मंडप भरला होता. भिंगरीच दारोदार जाऊन निम्म्या लोकांना उठवून घेऊन आली होती. मग तिला आठवलं की दवाखान्यात कालच बाळंत झालेली एक बाई आहे आणि तिला चालवत नाही. मी म्हटलं, कुणा पुरुषाला पाठवतो. ती म्हणाली की मामा, ती बाई परक्या पुरुषाचा हात धरायची नाही, मीच जाते. दारात चपला घालताना हसून म्हणाली, देवाला सांग माझी जागा धरून ठेव, आलेच. हीच ती थट्टा. यावरच आता प्रवचनं होतात.

खणून काढताना मी तिथेच होतो. दवाखान्यात नव्हती ती. देवळाच्या वाटेवर, वळणावर सापडली. पाठीवर ती बाई, आणि बाळ ओढणीने पोटाशी बांधलेलं. तिघं एकत्रच. ती परत येत होती, ताई.

मी हे लोकांना का सांगितलं नाही? इथे एक धोबीणबाई आहे. नवरा आणि दोन मुलं घरी झोपलेली, आणि ही एकटीच देवळात आलेली. पहिले कितीतरी दिवस ती पाणीसुद्धा पीत नव्हती. मग प्रवचनकारांनी तिला सांगितलं की देवाने तुला हात धरून आत आणलं, काहीतरी हेतू असल्याशिवाय नाही. त्यावर ती उठली, जेवली. आता मी काय उभा राहून म्हणू, की हेतू नव्हता? की विश्वास असलेलीही गेली आणि नसलेलेही वाचले? या लोकांकडे कांबळ्याखेरीज एवढंच आहे.

आणखी एक आहे. देवळाची मागची भिंत, डोंगराला टेकलेली. संध्याकाळी लोक तिच्यापाशी जाऊन बसतात आणि कान लावतात. धोबीणबाईने सुरू केलं. तिला तिच्या धाकट्याचा खोकला ऐकू येतो. सुताराला त्याची बायको कुणाशी तरी हळू बोलताना ऐकू येते. आता प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, कुणी कुणाच्या जागेवर बसत नाही. मी कुणाला अडवलेलं नाही. कसं अडवू, मीही लावतो. मला तिच्या चपला ऐकू येतात.

हे वाचून मला वेड्यात काढ, पण टाकून देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात येते. तिची खोली आवरू नकोस. कुणाला सांगू नकोस मी कोण ते. चष्मेवाली आहे म्हण, नंबर तपासायला आली आहे म्हण.

ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू न सांगता निघून गेलीस त्याला आता दीड महिना होऊन गेला. सकाळी उठलो तर तुझं अंथरूण घडी करून ठेवलेलं. भिंगरीची खोली उघडी, झाडलेली, खिडकीही उघडी. तुझं एकही पत्र नाही. माझीही लिहायची हिंमत झाली नाही. आता मात्र लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

रस्त्यांच्या खात्यातली एक इंजिनिअर बाई आली होती. दोन दिवस डोंगरावर फिरली. मला वर घेऊन गेली आणि गवत बाजूला करून एक भेग दाखवली. त्या भेगेत ती उतरली तर कमरेपर्यंत आत गेली. देवळाच्या बरोबर वरच्या अंगाला आहे. म्हणाली, उरलेला डोंगर नुसता थबकलाय. मागच्या भिंतीपलीकडची माती पाण्याने फुगली आहे, आतल्या आत दगड-वाळू सरकते आहे. येत्या पावसाच्या आधी देऊळ रिकामं झालं पाहिजे. खाली उतरल्यावर मी तिला विचारलं, ते पाणी, ती सरकणारी वाळू ऐकू येते का. ती म्हणाली, हो, भिंतीला कान लावलात तर येईल.

खात्याने धोक्याची पाटी लावली. लोकांनी तिच्यावर कपडे वाळत घातले. पोलीस आले, तर बायका खांबांना मिठ्या मारून बसल्या. प्रवचनकार म्हणतात, ज्याने एकदा तारलं त्याच्या घरातून पळणं म्हणजे कृतघ्नपणा. इंजिनिअर बाई जाताना म्हणाली की हे लोक माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

ऐकतील, ताई. तीच भीती आहे. देव राखेल म्हटलं तर राहतील, जा म्हटलं तर जातील. आणि जा म्हणायचं तर त्या भिंतीत काय आहे तेही सांगावं लागेल. ज्यांची माणसं डोंगराने नेली, त्यांची माणसं मी दुसऱ्यांदा न्यायची का? रात्रंदिवस देवापुढे बसतो. पूर्वी काहीतरी उत्तर आल्यासारखं वाटायचं. आता फक्त भिंत ऐकू येते.

तू थोरली आहेस. सांग.

तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी का निघून आले ते आधी लिहिते.

शेवटच्या संध्याकाळी धोबीणबाईने मला तिची जागा दिली. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. दिवसभर मी तिचे डोळे तपासले होते, सुईत दोरा ओवता येईल असा चष्मा बघून देते म्हटलं होतं, त्याची परतफेड म्हणून दिली. म्हणाली, इथे कान लावा, घाबरू नका, पहिल्यांदा नुसतं गार लागतं. मी लावला. खरंच नुसतं गार. मग ऐकू आलं.

भिंगरी लहानपणी जिन्यावरून पडली होती, तेव्हापासून डावं पाऊल जरासं घासत टाकायची. तेच पाऊल. एक नीट, एक घासत. जवळ यायचं, थांबायचं. मी किती वेळ बसले मला कळलं नाही. धोबीणबाईने खांद्याला हात लावला तेव्हा मी तो झिडकारला. माझी जागा आहे ही, असं तिला म्हणाले. तिची जागा, आणि मी तिला असं म्हणाले. आयुष्यात कुणाच्या वस्तूला हात न लावलेली बाई मी.

म्हणून पहाटेच निघाले. आणखी एक संध्याकाळ थांबले असते तर दुकान, घर, सगळं तिकडेच सोडून त्या भिंतीशी बसले असते.

ते पाणी आहे हे मला तिथेच कळत होतं. इंजिनिअर बाईने सांगायला नको होतं. पण आजही कान लावला तर मला पाणी ऐकू येणार नाही, तीच येईल. म्हणून सांगते, काढ सगळ्यांना बाहेर. ज्या भिंतीपुढे माझ्यासारखीची ही गत झाली, तिथून आपणहून कोण उठणार आहे?

तुझ्या देवाचा हेतू तू शोधत बस, मला त्यातलं कळत नाही. पण माझी पोर चालता न येणाऱ्या बाईला पाठीवर घेऊन तुझ्या देवळाकडे निघाली होती. तिने आधी कुणाला विचारलं नाही की हिला वाचवायचं देवाच्या मनात आहे का. तुझ्यासमोर तर सगळी आपल्या पायांनी चालणारी माणसं बसली आहेत.

ती तुला शिव्या देतील. द्या म्हणावं.

जप स्वतःला. जेवणाची हेळसांड करू नकोस. माझ्या डोळ्यांसमोर तू अजून चड्डी सावरत मागे मागे येणाराच आहेस, हे लक्षात ठेवून वाग.

तुझी,
ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं एकदाचं.

संध्याकाळची प्रार्थना संपल्यावर मी सगळ्यांना बसायला सांगितलं. आधी भिंगरीचं सांगितलं. वळणावर कशी सापडली ते सगळं. ती माझी भाची म्हणून नाही, तुमच्यातल्या निम्म्यांना त्या सकाळी तिनेच आणलं म्हणून ऐका, असं म्हटलं. स्वयंपाकवाल्या आजी मोठ्याने म्हणाल्या की हो, मला तिनेच हाताला धरून आणलं, माझ्या चुलीवर तिनेच पाणी ओतलं, आणि मी आजवर गप्प राहिले. मग आणखी दोघंतिघं बोलली. प्रवचनकार उठून उभे राहिले, पण त्यांना बोलायला जागा मिळाली नाही.

मग भेगेचं सांगितलं. आणि मग भिंतीचं. मलाही येतं ऐकू, म्हटलं, माझ्या पोरीच्या चपला मीही ऐकतो. पण ते पाणी आहे. ती लोकं तिथे नाहीत.

धोबीणबाई उठून माझ्यापुढे आली. म्हणाली, मग माझ्या धाकट्याचा खोकला? मी म्हटलं, पाणी. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली की आता मी इथे थांबून काय करू, आणि जाऊन आपलं बोचकं बांधायला लागली. ती उठली तसे बाकीचेही उठले. रडणं-ओरडणं काही नाही. भांडी गोळा केल्याचा तेवढा आवाज. मी देवापुढचा दिवा उचलून पुढे झालो. वाऱ्याने विझू नये म्हणून सदऱ्याचा आडोसा केला होता, सदरा जळला.

आता सगळे नदीपलीकडे, बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत आहेत. छप्पर पत्र्याचं आहे, पण जमीन सपाट. प्रवचनकार दुसऱ्याच दिवशी गाडीत बसून गेले. माझ्याशी कुणी बोलत नाही. जेवणाचं ताट समोर सरकवतात. सुतार परवा माझ्यासमोर दुसऱ्याला म्हणाला की याने आमचा देव आमच्या हातून काढून घेतला आणि वर दिवा मिरवला.

तू तरी लिहीत राहा.

तुझा,
धाकटा


२० जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. इकडे आभाळ रोज भरून येतं आणि माझ्या हातून भलत्याच काचा भलत्या फ्रेममध्ये बसतात. घड्याळवाले शेजारी म्हणाले की तुमच्याकडून चष्मा घेतलेला माणूस मला बायको समजून माझ्याशी भांडून गेला.

तो कापडवाला आणखी एक चष्मा न्यायला परत आला होता. त्याला सांगितलं मी, ती मुलगी माझी, आणि ती परत येत होती. तो चष्मा न घेताच गेला. संध्याकाळी बायकोला घेऊन आला आणि दोघं बराच वेळ दुकानात नुसते बसून राहिले.

पाऊस लागला का तिकडे? डोंगराचं काय? चार ओळी तरी लिही. नाहीतर ही म्हातारी पायपीट करत येईल.

तुझी,
ताई


१७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाऊस लागून महिना होत आला. यंदा फार आहे. डोंगर पडलेला नाही.

देऊळ जसंच्या तसं उभं आहे. वखारीत पाणी शिरतं, पत्र्यावर रात्रभर तडतड होते, पोरं खोकतात, आणि समोर ते कोरडं, भक्कम दिसत राहतं. इंजिनिअर बाई म्हणते, यंदा पडेल, पुढच्या वर्षी पडेल, दहा वर्षांनी पडेल, पण तिथे राहू नका. हे मी लोकांना कोणत्या तोंडाने सांगू? आता ते परत जायला लागले आहेत. पाऊस वाढला की एकेकटे नदी ओलांडतात. म्हणून मी पाऊस सुरू झाला की देवळाच्या दारात जाऊन बसतो. आलेल्याला परत पाठवतो. हात जोडतो, कधी ढकलतोही. परवा एका म्हाताऱ्या माणसाला ढकललं, तो पायरीवर पडला. ज्या दारात मी सगळ्यांना या, या म्हणायचो, ताई.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. गेल्या आठवड्यात दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत होता. मी दारात भिजत बसलो होतो. वर डोंगराकडे बघता बघता माझ्या मनात आलं, पड एकदाचा. देऊळ रिकामं आहे, कुणाला लागायचं नाही, पड. म्हणजे सुतार माझ्याशी बोलेल. म्हणजे धोबीणबाईला कळेल की मी उगाच तिचं लेकरू हिरावलं नाही. मी डोळे मिटून तेच मागत होतो. चांगला, मनापासून. इतकी मनापासून प्रार्थना मला वर्षभरात जमली नव्हती.

डोळे उघडले तेव्हा आत पायरव लागला. मागच्या अंगाला बाजूच्या भिंतीत एक लहान दार आहे, त्यातून तिघं आधीच शिरली होती. धोबीणबाई भिंतीपाशी, आपल्या जागेवर होती. मी देवाकडे जे मागत होतो ते तिच्या डोक्यावर मागत होतो.

बाकीची दोघं मला बघून निघाली, तिला मात्र दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. तिने माझा हात चावला. पावसात उभी राहून ओरडत होती, कुठे पडतोय तुझा डोंगर, दाखव, कुठे पडतोय. मी काय दाखवणार. हाताचे व्रण अजून आहेत.

त्या दिवसापासून एकच मागतो, की मी खोटा ठरू दे. हा डोंगर कधीच पडू नये, सगळ्यांनी मला जन्मभर खोटारडा म्हणावं, आणि तरी मला या दारातून उठायची बुद्धी होऊ नये. कुणी ऐकतंय का ते कळत नाही. पूर्वी कळायचं. पण मागायचं थांबता येत नाही, एवढं खरं.

दारं दोन आहेत आणि मी एक. कसं जमवायचं ते बघतो.

तुझ्या मायेवर सगळी भिस्त आहे.

तुझा,
धाकटा


२२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या गाडीने निघते. दुकानाच्या किल्ल्या घड्याळवाल्यांकडे दिल्या आहेत. महिनाभर म्हटलं आहे, पण त्यांना खरं वाटलेलं दिसत नाही, त्यांनी भिंगांचं यंत्र झाकून ठेवायला चादर मागून घेतली.

हाताला हळद लाव, आणि त्या बाईवर रागावू नकोस.

मी मागच्या दारात बसेन. बाईमाणसाला ओढून काढायला बाईमाणूसच लागतं, आणि तिच्या जागेवरून मी तिला एकदा हाकललेलं आहे, तेव्हा ते देणंही माझ्याकडे आहे. तुझी प्रार्थना तू पुढच्या दारात कर. मला काही मागता यायचं नाही. मी नुसती बसेन.

माझी वाट बघत स्टेशनवर येऊ नकोस. पाऊस असला तर दार सोडू नकोस. मला रस्ता माहीत आहे.

तुझी,
ताई